जैवपेढीतील नमुन्यांचे गुणवत्ता नियंत्रण

माणसाचे रक्त, लघवी, लाळ, ऊती यांचे नमुने आणि त्यांच्याशी जोडलेली आरोग्यविषयक माहिती पुढील संशोधनासाठी वर्षानुवर्षे जपून ठेवणारी संस्था म्हणजे जैवपेढी. नमुना शरीराबाहेर पडल्यापासून संशोधकाच्या हाती पडेपर्यंत त्यात होणारे बदल शक्य तितके रोखणे आणि जे रोखता आले नाहीत त्यांची नोंद ठेवणे, असे गुणवत्ता नियंत्रणाचे दोन भाग आहेत. दुसरा भाग दुर्लक्षित राहतो, पण वजनदार तोच आहे. चार तास उशिरा पोचलेला नमुनाही काही चाचण्यांना चालतो. किती उशिरा पोचला हेच ठाऊक नसेल, तर तो कशाला चालेल हे कोणी सांगू शकत नाही.

रक्त काढल्यावरही पेशी मरत नाहीत. नळीत त्या ग्लुकोज वापरतच राहतात आणि साध्या तापमानाला ते ताशी सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. नळी फ्रीजमध्ये ठेवली तर वेगळीच पंचाईत होते. थंडीत पेशींच्या आवरणावरील सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतले पोटॅशियम बाहेर झिरपू लागते. पेशी फुटल्या असत्या तर सीरमला लालसर छटा आली असती आणि तंत्रज्ञ सावध झाला असता. इथे सीरम स्वच्छ पिवळसर दिसते आणि आकडा तेवढा चुकतो. म्हणून सेंट्रिफ्यूज करून पेशी वेगळ्या करण्याची वेळ हा जैवपेढीच्या कार्यपद्धतीचा कणा असतो. सीरमसाठी रक्त गोठायला अर्धा ते एक तास द्यावा लागतो, प्लाझ्मासाठी थांबायचे कारण नसते.

नळीची निवडही तितकीच महत्त्वाची. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी डीएनएसाठी उत्तम. हिरव्या झाकणाच्या नळीतले हेपॅरिन पीसीआरमध्ये अडथळा आणते. कमी भरलेली नळी पुरी करण्यासाठी कोणी ईडीटीए नळीतले रक्त साध्या नळीत ओतले, तर अहवालात पोटॅशियम भरमसाट वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते, कारण नळीतले ईडीटीए बहुधा पोटॅशियम क्षाराच्या रूपात असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटापेक्षा जास्त न ठेवणे, नळी हलवण्याऐवजी आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करणे, या गोष्टी परिचारिकेच्या प्रशिक्षणात येतात. प्रयोगशाळेत कितीही महागडे यंत्र आणले तरी यातली कसर भरून निघत नाही.

ऊतींच्या बाबतीत घड्याळ शस्त्रक्रियागृहातच सुरू होते. सर्जनने रक्तवाहिनी बांधली की ऊतीचा प्राणवायू तुटतो आणि आरएनए व प्रथिनांत बदल होऊ लागतात. स्तनाच्या कर्करोगातील एचईआर-२ चाचणीसाठी ऊती तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जावी आणि त्यात ६ ते ७२ तास राहावी, असा प्रचलित निकष आहे. निदानासाठी लागणारा भाग आधी विकृतिशास्त्रज्ञ घेतो, उरलेला जैवपेढीला मिळतो. हा क्रम बदलता येत नाही. गाठीचा तुकडा म्हणजे कर्करोग असे गृहीत धरणेही चुकीचे, कारण तुकड्यात निरोगी किंवा मृत ऊतीच जास्त असू शकते. अमेरिकेच्या ‘द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ प्रकल्पाने पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून किमान ६० टक्के कर्कपेशी-केंद्रके असावीत आणि २० टक्क्यांपेक्षा जास्त मृत भाग नसावा, अशी अट घातली होती. आरएनए कितपत शाबूत आहे हे १ ते १० अशा ‘आरआयएन’ गुणांकाने मोजतात.

सर्वांत घातक चूक ही वाईट हाताळणीची नसून असमान हाताळणीची असते. रुग्णांचे रक्त वॉर्डातून दुपारनंतर आले आणि निरोगी गटाचे शिबिरातून लगेच आले, तर दोन गटांत आढळलेला फरक रोगाचा की उशिराचा, हे नंतर कोणतीही संख्याशास्त्रीय युक्ती खात्रीने सांगू शकत नाही. ‘यूके बायोबँक’ने यावर उपाय आराखड्यातच योजला. २००६ ते २०१० या काळात तेथे ४० ते ६९ वयोगटातील सुमारे ५ लाख लोकांचे नमुने घेतले गेले. केंद्राकेंद्रावर वेगवेगळी प्रक्रिया करण्याऐवजी बहुतेक नळ्या थंड ठेवून मँचेस्टरजवळच्या एकाच प्रयोगशाळेत पाठवल्या आणि सुमारे चोवीस तासांत प्रक्रिया केली. उशीर स्वीकारला, पण तो सर्वांना सारखा ठेवला. नमुन्यांचे छोटे भाग करून काही उणे ८० अंशांवर, तर काही दुसऱ्या जागी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवले. छोट्या भागांमुळे गोठवणे-वितळवणे वारंवार करावे लागत नाही.

साठवण विभागून का ठेवावी, याचा धडा २०१२ साली बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातील हार्वर्डच्या मेंदूपेढीत मिळाला. एक फ्रीझर बंद पडला. बाहेरचा दर्शक उणे ७९ अंश दाखवत राहिला, दोन्ही इशारा-यंत्रणा वाजल्या नाहीत आणि आतले तापमान शून्याच्या वर गेले. सुमारे दीडशे मेंदूंचे नुकसान झाले, त्यांत एक तृतीयांशाहून अधिक ऑटिझम असलेल्या व्यक्तींचे होते. तापमान मोजणारा संवेदक फ्रीझरच्या स्वतःच्या यंत्रणेपासून स्वतंत्र हवा, ही सूचना त्यानंतर कुणालाही अतिरेकी वाटत नाही.

नोंदींसाठी ‘स्प्रेक’ ही सात घटकांची सांकेतिक पद्धत २०१० मध्ये मांडली गेली. नमुन्याचा प्रकार, नळी, प्रक्रियेपूर्वीचा व नंतरचा विलंब, सेंट्रिफ्यूज, साठवण हे सारे ती एका छोट्या संकेतात बसवते. आयएसओ २०३८७ हे जैवपेढ्यांसाठीचे मानक २०१८ मध्ये आले. भारतात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत जैवपेढ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात राष्ट्रीय अर्बुद-ऊती संग्रह आहे. संमती हाही गुणवत्तेचाच निकष मानला जातो. दात्याने संमती मागे घेतली, तर त्याची प्रत्येक कुपी, मग ती दुसऱ्या शहरातल्या टाकीत असली तरी, बारकोडवरून शोधून बाजूला काढता आली पाहिजे.