कुशीतली कळ : खडा की आणखी काही?

एकाएकी कुशीत कळ उठली, की आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे पहिला शब्द निघतो तो 'मुतखडा'. हा तर्क पुष्कळदा खरा ठरतो आणि तो फार जुनाही आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे, म्हणजे खड्याचे, चार प्रकार सांगितले आहेत; शस्त्रकर्मही दिले आहे. पण कूस दर वेळी खड्यानेच दुखते काय?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीच्या व्हिर्खो या वैद्याने दाखवून दिले, की रक्ताची गुठळी एका जागी धरते आणि वाहत जाऊन दुसरीकडे अडकते. ती मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत अडकली, की तेवढा भाग रक्तावाचून मरतो. कळ मात्र हुबेहूब खड्यासारखी! त्यामुळे हा रोग कितीतरी वर्षे शवविच्छेदनातच सापडे. १९४० साली अमेरिकेत अशा २०५ रोग्यांचा अभ्यास छापून आला; त्यांत जिवंतपणी निदान झालेले अगदीच थोडे होते.

मधल्या काळात साधने वाढली. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. १९७१ साली लंडनमध्ये सीटी यंत्राने पहिल्या रोग्याची तपासणी झाली. आज साध्या सीटीत खडा चटकन दिसतो. पण अडकलेली गुठळी त्यात बहुधा दिसत नाही. त्यासाठी शिरेतून औषध देऊन पुन्हा चित्र घ्यावे लागते. म्हणजे डॉक्टरांच्या मनात आधी शंका यावी लागते, मगच यंत्र उत्तर देते.

ही शंका रोग्याच्या हकिकतीतून येते. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन हृदयाची झडप बिघडली आहे का? नाडी वेडीवाकडी चालते का? रक्त पातळ ठेवण्याची गोळी मध्येच सुटली का? मधुमेह असून कळीबरोबर थंडीताप आहे का? तसे असेल तर मूत्रपिंडात जंतूंचा जबर दाहही असू शकतो. कधी त्यात वायूसुद्धा धरतो आणि जिवावर बेतते.

हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण तिथवर ही माहिती न्यायची कोणी? रोगी तर कळीने बोलू शकत नाही. गावातल्या शिक्षकांनी घरोघरी एवढे सांगावे : जुने कागद आणि चालू गोळ्या एका पिशवीत ठेवा, अन् दवाखान्यात निघताना ती पिशवी बरोबर घ्या. गुठळी अडकली असेल तर मूत्रपिंड वाचवायला थोडेच तास हाती असतात. ते घरगुती काढ्यात घालवू नयेत.