कोठीघरातलं मीठ

लॅबचा कागद घडी घालून खिशात ठेवा. त्यावर एकच आकडा आहे: रक्तातलं लिथियम, ०.७. सकाळी धाकटा भाऊ म्हणाला, "वर्षभर मी ठणठणीत आहे. आता कशाला त्या गोळ्या, आणि कशाला ती सुई?" तुम्हाला उत्तर सुचलं नाही. ते शोधायलाच तुम्ही निघाला आहात.

सोमवार, २९ मार्च १९४८. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराबाहेरचं बंडूरा. आपल्याकडे या दिवसांत माठ धुऊन काढतात. इथे हवेत शरदातला गारवा आहे. समोर युद्धातून परतलेल्या सैनिकांचं मनोरुग्णालय. आत पाऊल टाकताच वास नाकात शिरतो, उग्र आणि गोडसर. तो पॅराल्डिहाइडचा. आरडाओरडा करणाऱ्याला झोपवायचं हे औषध, पिणाऱ्याच्या श्वासातून वॉर्डभर दरवळत राहतं. त्याखेरीज विजेचे झटके आहेत, आणि दाराला कुलूप. क्लोरप्रोमाझीन हे मनोविकारांवरचं औषध यायला अजून चार वर्षं आहेत.

आवारातल्या एका खोलीत डोकवा. हे स्वयंपाकघराचं वापरात नसलेलं कोठीघर. डाळी-पिठाच्या जागी आता बाटल्या आणि काचेच्या नळ्या मांडल्या आहेत. आत वाकून काम करणारा माणूस म्हणजे डॉक्टर जॉन केड, वय ३६. साडेतीन वर्षं तो सिंगापूरला चांगीच्या छावणीत जपान्यांचा युद्धकैदी होता. तिथे मनं ढासळलेली माणसं पाहून त्याच्या डोक्यात एक विचार घट्ट बसला: हे नुसतं मनाचं नाही, शरीरातलं काहीतरी बिघडतं. उन्मादात ते वाढत असणार, आणि वाढलं तर लघवीत उतरणारच.

म्हणून तो रुग्णांची लघवी गोळा करतो. बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये, खाण्यापिण्याच्या शेजारी. ती लघवी तो गिनीपिगना टोचतो. लघवीतल्या युरिक ॲसिडचा काय परिणाम होतो ते तपासायचं होतं, पण ते पाण्यात विरघळेना. लिथियमशी जोडलं की विरघळतं, एवढ्याच कारणासाठी लिथियम या खोलीत आलं. पुढे त्याने नुसतं लिथियम कार्बोनेट टोचून पाहिलं. दोनेक तासांनी एरवी हात लावला की तडफडणारे ते जीव उताणे ठेवले तरी शांत पडून राहिले. त्यांना बहुधा थोडी विषबाधाच झाली होती, असं पुढे अनेकांना वाटणार आहे. केडला तिथे दिसलं औषध. तर्क चुकला, दार मात्र बरोबर उघडलं. माणसाला देण्याआधी ते क्षार त्याने स्वतः घेऊन पाहिले.

आता त्याच्यामागून वॉर्डात चला. हा ५१ वर्षांचा किरकोळ अंगाचा गृहस्थ पाहा. पाच वर्षं उन्माद उतरलेला नाही. अखंड बडबड, कपड्यांची शुद्ध नाही, दिसेल त्या वस्तूची मोडतोड, प्रत्येकाच्या कामात लुडबुड. स्वभावाने गोड, पण अख्ख्या वॉर्डाला त्याचा ताप. आज त्याला लिथियम सायट्रेटचा पहिला डोस मिळतो. दिवसातून तीनदा.

चौथा दिवस. काहीतरी फरक आहे, की आपल्याला तो हवा आहे म्हणून दिसतोय? पाचवा दिवस. नाही, खरंच आहे. माणूस नीटनेटका दिसतो, बोलताना एका विषयावर थांबतो. तीन आठवड्यांत त्याला बऱ्या होत चाललेल्या रुग्णांच्या वॉर्डात हलवतात. जुलैत तो गोळ्या घेऊन घरी जातो आणि जुन्या कामावर रुजू होतो. फाटकातून बाहेर पडणारी त्याची पाठ तुम्ही पाहता आणि वाटतं, परत फिरावं. गोष्ट इथेच संपली तर किती छान!

थांबा, जानेवारी १९४९ पाहून जा. तोच माणूस, तीच बडबड. बरं वाटू लागल्यावर त्याने गोळ्या सोडल्या होत्या. तुमच्या भावाचंच वाक्य, दुसऱ्या भाषेत.

पुन्हा लिथियम सुरू होतं. पण किती द्यायचं? त्याला उलट्या होतात, अशक्तपणा येतो. बंद केलं की उन्माद उसळतो, चालू केलं की शरीर साथ देत नाही. केड डोळ्यांनी दिसतं त्यावर अंदाज बांधतो. दुसरं साधनच हाताशी नाही. खिशातला कागद काढून त्याच्यापुढे धरावा, "डॉक्टर, आधी रक्त तपासा!" असं ओरडावं, असं तुम्हाला वाटतं. आवाज फुटत नाही. मे १९५० मध्ये तो रुग्ण लिथियमच्या विषबाधेने दगावतो. ज्याने औषध शोधलं, तोच आता ते द्यायला कचरतो. अमेरिकेतही १९४९ मध्ये हृदयरोग्यांनी मिठाऐवजी लिथियमचा क्षार अन्नावर भुरभुरवला, काहींचे प्राण गेले, आणि तो क्षार बाजारातून उठवला गेला.

परतताना मेलबर्नच्या प्रयोगशाळेपाशी क्षणभर रेंगाळा. लिथियम जाळलं की ज्योत किरमिजी लाल होते. त्या रंगाच्या तीव्रतेवरून रक्तात ते किती आहे, हे एडवर्ड ट्रॉटनर आणि त्याचे सहकारी मोजू लागले आहेत. १९५१ मध्ये डॉक्टर नोॲक आणि ट्रॉटनर शंभराहून अधिक रुग्णांचा अनुभव छापतील. १९५४ मध्ये डेन्मार्कमध्ये मोगेन्स शौ काटेकोर चाचणी घेईल. १९७० मध्ये अमेरिका मान्यता देईल. औषध कोठीघरात सापडलं; ते सुरक्षितपणे देता येऊ लागलं ते आकड्यामुळे.

घरी या. भावाला व्याख्यान देऊ नका, त्या माणसाची गोष्ट सांगा. दोनदा घात झाला, हेही सांगा: एकदा औषध सुटलं म्हणून, एकदा ते मोजता आलं नाही म्हणून. त्या सुईला तो कटकट म्हणतो. बंडूराच्या त्या माणसाला तेवढीच मिळाली नव्हती.

आणि फ्रिजच्या दारावर एवढं लिहून लावा. लिथियम चालू असताना उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये, निर्जळी उपास करू नये, मीठ एकदम तोडू नये. अंगदुखीला आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये, त्याने रक्तातलं लिथियम वाढतं. उलट्या-जुलाब झाले, हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गोळी बंद करायची असेल, तर तेही डॉक्टरांना विचारूनच.