ऋणाचे कागद

देहूच्या इंद्रायणीत दोन वेळा कागद बुडाले. दुसऱ्या वेळचे सर्वांना पाठ आहे. रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून गाथा बुडाली, तुकोबाराय तेरा दिवस शिळेवर निर्वाण मांडून बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या. पहिल्या वेळचे कागद मात्र आपण कीर्तनात घाईने उरकतो. ते कर्जखते होते. दुष्काळ सोसून घर मोडले होते, तरी वडिलोपार्जित सावकारीचे येणे लोकांकडे बाकी होते. तुकोबांनी धाकटे बंधू कान्होबांचा निम्मा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीला अर्पण केली. अभंग वर आले, खते आली नाहीत. संतांच्या घरी कोणते कागद टिकतात आणि कोणते बुडतात, एवढे यावरून समजावे.

हे सांगण्याचे कारण असे, की ख्रिस्ती मंडळी रोज जी प्रार्थना म्हणतात, ती येशूने स्वतः शिष्यांना शिकविली, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या प्रार्थनेत पापाला ऋण म्हटले आहे. आम्ही आमच्या ऋणकोंना जसे सोडले, तसे देवा तू आम्हांला सोड, असा तिचा भाव आहे. आमच्या कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले; त्यांच्या नावाचे चर्च आजही शहरात आहे. मिरजेचा वानलेस डॉक्टरांचा दवाखाना तर या भागातल्या घराघराला ठाऊक. दवाखाना ओळखीचा, घंटा ओळखीची. पण आत बसून ती माणसे देवाजवळ काय मागतात, हे आपण क्वचितच विचारले.

मराठीत मात्र हे मागणे फार पूर्वीच आले होते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. ग्रंथ मराठीत, छंद आपल्या ज्ञानोबा-एकनाथांच्या ओवीचा. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते, हेही विसरता येत नाही. क्षमेचे पुराण आणि दंडाचे न्यायासन एकाच भूमीवर नांदले. पण त्यांना बोट दाखविण्यापूर्वी आपल्या आळंदीकडे पाहावे. विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने संन्यास सोडून संसारात परतले, आणि शास्त्री मंडळींनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. त्या मायबापांनी देह ठेवला, तरी लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावेच लागले. देवाच्या नावाने बसणारे न्यायासन देवाहून कठोर होते, हा अनुभव दोन्ही घरांचा आहे. आणि त्याच लेकराने नेवाशाला पसायदान मागताना दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले.

आता नारायण वामन टिळकांकडे येऊ. जन्म १८६१, कोकणातले, घरात भक्तिकवितेचे वातावरण. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल वाचायला दिले. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून ते हलले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.  टिळकांनी तुकोबांना सोडले नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. अभंग लिहीत, कीर्तन करीत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यांचा मार्ग आपला नव्हे. पण तुकोबांच्या करुणेच्या अभंगांतून गेलेला माणूस पलीकडे जाऊन काय पाहतो, हे समजून घेण्यात वारकऱ्याचे काही उणे होत नाही.

त्याने पाहिली ती उधळ्या मुलाची गोष्ट. लूकच्या शुभवर्तमानात ती आहे. धाकटा मुलगा आपला वाटा मागून घेतो, परदेशी उधळतो, डुकरे राखण्याची पाळी येते. मग तो मनात बोलणे जुळवितो: बाबा, मी पापी, मला पुत्र म्हणू नका, चाकर म्हणून ठेवा. बाप त्याला दुरून पाहतो, धावत जातो आणि गळ्याशी धरतो. पुढची खूण बारकाईने पाहावी. मुलगा पापाची कबुली देतो. पण चाकरीचे बोलणे त्याच्या तोंडून निघण्याआधीच बाप अंगरखा, अंगठी आणि जेवणावळ सांगून मोकळा होतो. चाकर होणे म्हणजे राबून फेड करणे. बापाला फेड नको, मूल हवे होते.

क्षमा मागण्याहून क्षमा घेणे अवघड, ते इथे. कीर्तन संपल्यावर मागे रेंगाळून विचारणारे कितीक भेटतात: महाराज, देव क्षमा करतो हे खरे, पण मन मानत नाही, किती वाऱ्या केल्या म्हणजे फिटेल? हा प्रश्न चाकराचा आहे, लेकराचा नाही. आणि त्या गोष्टीत थोरला मुलगाही आहे. तो शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि दारातच रुसून उभा राहतो. मी इतकी वर्षे राबलो, मला काय दिले? चाळीस वाऱ्या झालेल्या आपल्यासारख्यांनी त्याच्याकडे नीट पाहावे. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला होता.

ख्रिस्ती विचारात आणि आपल्यात भेद आहे, तो लपवू नये. ते म्हणतात, पापाचे ऋण असेच हवेत विरले नाही; ख्रिस्ताने क्रुसावर ते स्वतः सोसले. आपण नामाचा महिमा सांगतो. अजामिळाच्या मुखी अंतकाळी नारायण आला आणि यमदूत परतले. पण कर्जखतांकडे पुन्हा या. खत बुडाले म्हणजे तोटा नाहीसा झाला का? नाही. तो तुकोबांनी सोसला. सोडणाऱ्याला तोटा पत्करावा लागतो, एवढे वारकऱ्याला दुसऱ्याकडून शिकावे लागत नाही. आणि अजामिळ सुटल्यावर पूर्वीच्या घरी परतला नाही. गंगाद्वारी जाऊन भजनात राहिला, असे भागवत सांगते. सुटलेल्या माणसाचे भजन ही फेड नव्हे, तो आनंद होय.

टिळकांच्या घरात तोटा सोसला तो लक्ष्मीबाईंनी. पती धर्मांतर करून गेला, समाजाने पाठ फिरवली, त्या मुलाला घेऊन बहिणीच्या आधाराने राहिल्या. काही दिवस पंढरपुरातही काढले. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तेव्हा त्यांचा धर्म बदललेला नव्हता, सोवळे सुटलेले नव्हते. धर्म बदलला तो पुढे, १९०० साली. म्हणजे एकमत होण्याआधी पतीला पदरात घेतले. 'स्मृतिचित्रे' वाचताना त्या हसविता हसविता हे सांगून जातात. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पुरे केले.

येत्या एकादशीला विठुरायापुढे उभे राहाल, तेव्हा घरातले एखादे जुने खत आठवावे. भावाने दाबलेली वाट असेल, सुनेने टाकलेला शब्द असेल. ते चंद्रभागेत सोडावे, आणि आपलेही त्याने सोडले आहे असे धरून घरी यावे.

रामकृष्ण हरि.