बोहारणीचा हिशेब

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत जुनं पातेलं घेऊन गेलं, की ते आधी काट्यावर चढतं. भाव दोन निघतात. नवं भांडं घ्यायचं तर तांब्याच्या भावावर घडणावळ चढते. जुनं द्यायचं तर घडणावळ बुडाली, वर डाग आणि कल्हईपोटी घट वजा झाली, आणि हाती येतो तो मोडीचा भाव. ज्यात वर्षानुवर्षं घरातल्या पंगतींचं वरण शिजलं, ते पातेलं काट्यावर निव्वळ धातू असतं. सराफाकडेही हीच रीत. अडीअडचणीला पाटल्या मोडणाऱ्या बाईला ही तूट कुणी समजावून सांगावी लागत नाही.

जुन्या मालाचा सगळा धंदा या दोन भावांवर उभा आहे. वापरलेली वस्तू एक तर वस्तू म्हणून खपते, नाही तर कच्चा माल म्हणून. ती मोडीच्या भावात उचलायची आणि वापराच्या भावात विकायची; मधलं अंतर ज्याला आधी दिसलं, नफा त्याचा. म्हणूनच या धंद्यातले जुने लोक विक्रीपेक्षा खरेदीला जास्त जपतात. महाराष्ट्रातल्या शहरांत हे अंतर जिने सगळ्यात बारकाईनं ओळखलं, तिच्याकडे दुकान नव्हतं, नावाचा फलक नव्हता आणि वहीसुद्धा नव्हती. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्यावर कपड्यांचं गाठोडं, एवढं त्या बोहारणीचं भांडवल. जुन्या कपड्यांवर भांडी देणं हा तिचा धंदा.

मुंबई-पुण्यातल्या बोहारणी बहुतेक गुजरातहून आलेल्या वाघरी समाजातल्या. हा समाज आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो. गुजरातच्या विमुक्त जमातींच्या यादीत त्याचं नाव आहे. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली होती. १९५२ साली हा कायदा गेला. लोकांच्या मनातला संशय काही गेला नाही. बोहारीण जिन्यात दिसली की चपला आत घेणारी घरं होती, आणि त्याच घरांतले जुने कपडे तिच्यासाठी माळ्यावर राखून ठेवलेले असत. या संशयाला तोंड देत पुरुषानं दारोदार धंदा करणं अवघड होतं. बाईला ते जमलं, कारण तिची वेळ दुपारची होती. नवरे कामावर, मुलं शाळेत, घरात फक्त बायका. दाराशी बसून तासभर घासाघीस करायला तीच वेळ योग्य. घरचे पुरुष मागे राहून रफू, धुणं, इस्त्री आणि बाजार सांभाळत.

ती उंबऱ्याबाहेर बसे आणि पाटीतून आधी लहान भांडी काढून मांडे: एक वाटी, एक चमचा, एक झाकणी. मोठा डबा तळाशीच, पण अर्धवट दिसेल असा. मग कपडे हातात घेई. पँट आली की आधी बैठकीच्या जागेवर बोटं फिरत, मग ढोपरावर, मग चेनवर. शर्टाची कॉलर उलटून पाहिली जाई. साडी पदराकडून नाही, निऱ्यांकडून आणि काठाखालून तपासली जाई, कारण साडी विरते ती तिथे. उजेडाकडे धरलेल्या कापडातून पलीकडचं दिसलं, की ती ते न बोलता बाजूला ठेवी. “ताई, हे चालायचं नाही, एक पँट अजून घाला.” मालकीण आत जाई, आणखी एक पँट घेऊन येई. “आता तरी तो डबा दे.” “डबा? एवढ्यावर कढई पण येत नाही ताई.” आणि ती पाटी उचलायला लागे. उचलत मात्र नसे.

या सगळ्या बोलण्यात रुपया हा शब्द एकदाही येत नाही, आणि तिचं खरं कसब याच जागी आहे. डब्याची किंमत रुपयांत सांगितली असती तर मालकीण बाजारातल्या दुकानाशी ताडून पाहू शकली असती. पँटची किंमत रुपयांत सांगितली असती तर मालकिणीचा पाणउतारा झाला असता. नवऱ्याची लग्नातली पँट इतक्या स्वस्तात कोण देईल? दोन्ही बाजूंचे आकडे झाकलेले राहिले की सौदा फक्त ‘एक पँट अजून’ किंवा ‘एक वाटी वर’ यावर चाले. बोहारणीला दोन्ही आकडे ठाऊक असत. भांडं तिनं घाऊक बाजारातून वजनावर घेतलेलं असे, आणि ते मुद्दाम पातळ पत्र्याचं. दिसायला डबा मोठा, वजनाला हलका. म्हणजे तिची मिळकत दोन्हीकडून होती. थोडी डब्याच्या पत्र्यात, बाकीची गाठोड्यात. तिनं फसवलं, असं दुपारनंतर शेजारणी एकमेकींना सांगत. पण जो माल घरात ठेवायचा नाही हे आधीच ठरलेलं आहे, त्याला भाव येणार तरी किती?

गाठोड्यात काय पडायचं, हे मात्र काळानुसार पालटत गेलं. सुती लुगड्यांच्या जमान्यात बोहारणीला त्यातलं फारसं मिळत नसे. नऊवारी लुगडं विरलं की घरातच त्याची गोधडी व्हायची, बाळंतिणीच्या खोलीत दुपटी आणि लंगोट व्हायचे, शेवटी त्याचंच फडकं. मऊ झालेल्या सुताला घरात वापराचा भाव होता, तो दारात मोडीच्या भावात घेणारीला कसा परवडेल? तिला मिळायच्या त्या फाटलेल्या रेशमी साड्या, आणि त्यात तिचं सोनं होतं. जुनी खरी जर म्हणजे रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली, सोन्याचं पाणी दिलेली चांदीची चपटी तार. काठ-पदर कापून जाळले की रेशीम राख होतं आणि चांदी उरते. म्हणून साडी हातात आली की जाणती बाई रंग-नक्षी पाहण्याआधी जर नखानं खरवडून पाही. खाली तांबूस धातू दिसला तर जर खोटी, साडीचा भाव कापडाचा. पांढरी दिसली, तर चेहऱ्यावर काही न दाखवता गिऱ्हाइकाशी दुसऱ्याच साडीबद्दल वाद घालायचा. घराघरांतल्या किती पैठण्या आणि शालू अशा एका पातेल्यावर गेले, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

१९६०च्या दशकात टेरिलिन आलं आणि गणित उलटलं. पॉलिएस्टरची पँट फाटत नाही, रंग सोडत नाही, इस्त्री मोडत नाही. पण ती पाणी शोषत नाही. तिचं दुपटं होत नाही, गोधडीत ती टोचते, फडकं म्हणून निरुपयोगी. घरात तिला मोडीचासुद्धा भाव नाही. बाहेर मात्र ती आणखी पाच वर्षं सहज चालेल. दोन भावांतलं अंतर एवढं मोठं झालेलं बोहारणीनं आधी कधी पाहिलं नव्हतं. नेमक्या त्याच काळात स्टेनलेस स्टीलची भांडी मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात शिरली. पितळेला कल्हई लागते, घासायला चिंच लागते. स्टील राखेनं घासलं की चकाकतं. गृहिणीला स्टीलचा हव्यास आणि घरात टेरिलिनचा ढीग, असा हा योग जुळला. १९७० आणि १९८०च्या दशकांतल्या मध्यमवर्गीय फडताळांत बोहारणीकडून आलेलं एखादं तरी भांडं सापडतंच. पुढे पाटीत प्लास्टिकचे टब आणि बादल्या आल्या.

गाठोडं घरी गेल्यावर पुढचा हिशेब सुरू होई. धड कपडे एका बाजूला. धुऊन, बटण लावून, कडक इस्त्री करून ते आठवडी बाजारात मजुरांना विकायचे. पुरुषांच्या पँटला नेहमीच जास्त मागणी, कारण अंगावर सगळ्यात आधी पँट झिजते. फाटक्या सुती कपड्यांच्या चिंध्या किलोवर गॅरेज आणि छापखान्यांत जात. तेल आणि शाई पुसायला जुन्या सुताला तोड नाही. चेन आणि बटणंसुद्धा उसवून वेगळी विकली जात. दिवाळीच्या आधी घरं आवरायला काढली की माल वाढायचा आणि त्या पंधरवड्यात एका पातेल्याला जास्त कपडे द्यावे लागायचे. मालकिणीला वाटे बोहारीण माजली; तिच्या दृष्टीनं बाजारच पडलेला असे.

याच समाजाच्या दिल्लीतल्या धंद्याचा बारकाईनं अभ्यास ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ल्यूसी नॉरिस यांनी केला आणि त्यावरचं पुस्तक २०१० साली आलं. दिल्लीच्या रघुबीर नगरात जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटे अंधारात भरतो. तिथून निघालेल्या रेशमी साड्यांचे उशांचे अभ्रे, पडदे आणि परकर होतात आणि परदेशी पर्यटकांना विकले जातात. पातेल्यावर गेलेली साडी सातासमुद्रापार बैठकीच्या खोलीत उशीवर चढते, तेव्हा तिचा वापराचा भाव पहिल्या मालकिणीनं कल्पनाही केली नसेल एवढा झालेला असतो. अंधारात बाजार का, याला कारणं अनेक आहेत. पण डाग उजेडात दिसतात, हे घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं.

कागदाचंही तेच. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तकं कमी भावात मिळतात, हे शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि सगळ्या राज्यात तेच पुस्तक, पाठीवर छापलेली तीच किंमत, असं झालं. जुन्या पुस्तकाचा भाव लावायला याहून सोयीचं काय? पण अभ्यासक्रम बदलल्याची बातमी आली, की काल निम्म्या किमतीचं असलेलं पुस्तक आज रद्दीच्या तागडीत जातं. म्हणून तिथला मुरलेला विक्रेता जूनमध्ये खरेदी करण्याआधी पुढच्या वर्षी कोणत्या इयत्तेचं पुस्तक बदलणार, याची चौकशी करतो.

काही वस्तूंना मोड आणि वापर या दोन्हींपलीकडचा तिसरा भाव असतो. हौसेचा. तो महाराष्ट्राला ठळकपणे दाखवला दिनकर केळकर यांनी. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करणाऱ्या या चष्म्याच्या व्यापाऱ्यानं १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, दौती, पानाचे डबे, वाड्यांची दारं. लोक हे सगळं मोडीत काढत होते किंवा चुलीत घालत होते. केळकरांनी ते मोडीपेक्षा थोडं वर देऊन उचललं. अडकित्त्याला सुपारीखेरीज दुसरं काही मोल असू शकतं, हे तेव्हा फार थोड्यांच्या लक्षात आलं होतं. १९७५ साली त्यांनी हजारो वस्तूंचा तो सगळा संग्रह दिवंगत मुलगा राजा याच्या नावानं राज्य सरकारला दिला. नफा काढायचा तर त्यांना किती काढता आला असता, हा हिशेब त्यांनी केला नाही.

इतरांनी तो केला. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर ग्रामोफोन, जहाजांचे दिवे, जुन्या चित्रपटांची पोस्टर्स या हौसेच्या भावात विकली जातात. तिथे भाव वस्तूवर लिहिलेला नसतो. गिऱ्हाइकाचे बूट, त्याची भाषा आणि त्याचा हात कोणत्या वस्तूवर दुसऱ्यांदा गेला, यावर तो ठरतो. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी घातली. परदेशी गिऱ्हाइकाला अस्सल जुनी वस्तू विकणं जोखमीचं झालं आणि ‘जुनी दिसणारी नवी’ वस्तू बनवणाऱ्या कारागिरांचे दिवस आले. खरेदीदारानं इथे पितळेवरचा हिरवा थर पाहून हुरळू नये. तो थर आणायला आठवडाभर पुरतो.

सरकारनंही हे दोन भाव मान्य केले आहेत. २०१७च्या वस्तू व सेवा कर नियमांतल्या ३२(५) या नियमाप्रमाणे नोंदणीकृत जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला, खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल तर, पूर्ण विक्रीकिमतीवर कर भरावा लागत नाही. कर फक्त खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर, आणि फरक उणे आला तर करच नाही. याच कराच्या कायद्याचं कलम ७ वस्तुविनिमयालाही ‘पुरवठा’ धरतं, म्हणजे पँटवर दिलेला डबा कागदोपत्री करपात्र व्यवहार ठरू शकतो. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही. बोहारीण सुटते ती तेवढ्यामुळे.