मद्यार्क की शिसे?



मोटार चढ चढू लागली, की कधी कधी इंजिनातून टकटक असा आवाज येऊ लागतो. मेकॅनिक लोक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. सिलिंडरातील हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ठिणगीपासून क्रमाक्रमाने जळत जावयास हवे. त्याऐवजी दाबाने तापलेला उरलेला भाग एकदम पेट घेतो, त्याचा हा आवाज होय. इंधन असा अकाली पेट न घेता कितपत दाब सोसते, हे सांगणारा आकडा म्हणजे ऑक्टेन क्रमांक.

हे माप १९२६ साली ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनज्ञाने सुचविले. आयसोऑक्टेन या द्रवास १०० व हेप्टेन या द्रवास ० मानून इतर इंधने त्यांच्याशी ताडून पाहावयाची. या मापाने मद्यार्काचा, म्हणजे इथेनॉलचा, क्रमांक सुमारे १०८ भरतो. शंभरापैकी एकशे आठ गुण कसे, असे वर्गातील मुले विचारतातच! पण शंभर ही येथे कमाल मर्यादा नव्हे, केवळ एक खूण आहे. मद्यार्काची वाफ होताना तो पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेतो व मिश्रण थंड राखतो, हे त्याच्या सोशिकपणाचे एक कारण.

आता गंमत अशी, की एडगर ज्या ‘एथिल’ कंपनीत होते, ती मद्यार्क नव्हे, तर शिसे विकत होती.

जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली नॉकिंगवर उपाय शोधीत होते. मद्यार्काचा गुण त्यांना पुरता ठाऊक होता. परंतु ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग त्यांना सापडले. मद्यार्क इंधनाचा दहावा-पाचवा हिस्सा तरी मिसळावा लागे. शिशाचे काम गॅलनमागे काही ग्रॅमांत भागे. शिवाय मद्यार्क कोणीही गाळू शकत होता, शिशाच्या उपायावर मात्र पेटंटचा हक्क सांगता येत होता. मद्यार्क पाणी ओढून घेतो व त्यात ऊर्जा सुमारे एकतृतीयांश कमी असते, हे दोष खोटे नव्हते. पण ते विषारी शिशासमोर ठेवून कोणी तोलले नाहीत. ‘एथिल’ या नावात तर शिशाचा उच्चारही नव्हता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले, कित्येक आजारी पडले. त्याच महिन्याच्या ३० तारखेस मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले व त्याचा वास घेऊन दाखविला. आदल्याच वर्षी शिशाच्या बाधेमुळे त्यांना स्वतःला विश्रांतीसाठी फ्लोरिडास जावे लागले होते, हे त्यांनी तेथे सांगितले नाही.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. कंपनीच्या एका प्रतिनिधीने या द्रव्याला ईश्वरी देणगी म्हटले. (नफ्याच्या हिशेबात ईश्वराला साक्षीस बोलाविण्याचे कारण नव्हते.) येलचे यांडेल हेंडरसन आणि हार्वर्डच्या अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी धोक्याची स्पष्ट सूचना दिली. तरीही १९२६ साली, बंदीस पुरेसे कारण नाही असा निर्वाळा मिळून, विक्री पुन्हा सुरू झाली. पुढे कित्येक दशके रस्त्यावरच्या धुरातून हे शिसे मुलांच्या रक्तात जात राहिले. त्याचा घाला त्यांच्या वाढत्या मेंदूवर पडतो.

अमेरिकेने रस्त्यावरील वाहनांसाठी ते १९९६ साली पूर्ण बंद केले, भारताने २००० साली. जगात शेवटी अल्जीरियाने, २०२१ साली. भारतात १९४८ साली पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. पण मद्यार्काचा सध्याचा कार्यक्रम २००३ साली पाच टक्क्यांनी सुरू झाला. २०२५ साली तो वीस टक्क्यांवर गेला, तेव्हा गाडी लिटरमागे कमी धावते, ही जुनीच तक्रार पंपावर पुन्हा ऐकू येऊ लागली.