पाश्चात्य तलवारखेळाचे जुने नियम : हारजितीची गणना व अंगरक्षण

(१)

युरोपांतील शस्त्रविद्येच्या इतिहासाचीं साधनें मुख्यतः दोन प्रकारचीं आढळतात. पहिला प्रकार विद्याग्रंथांचा. लीड्स येथील रॉयल आर्मरीजच्या संग्रहांत 'आय ३३' या नांवानें ओळखली जाणारी लॅटिन पोथी या वर्गांतील उपलब्ध पोथ्यांत सर्वांत जुनी होय. ती चौदाव्या शतकाच्या आरंभींची असून एक धर्मगुरु आपल्या शिष्यास तलवार व लहान वाटोळी ढाल यांचे डाव शिकवीत आहे, अशीं चित्रें तींत काढिलीं आहेत. जर्मनींतील गोथा येथील ग्रंथसंग्रहांतून ही पोथी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत नाहींशी झाली व १९५० सालीं लंडन येथील लिलावांत पुन्हां प्रकट झाली. अशा पोथ्यांचें मोल संग्राहकांस सांगावयास नको.

दुसरा प्रकार नियमपत्रांचा. सामना कोणत्या शस्त्रांनीं व्हावा, कोणता वार धरावा, कोणता धरूं नये, कोणत्या कृतीस मनाई असावी, हें ज्या कागदांत नमूद आहे ते कागद दिसण्यांत रूक्ष असतात. त्यांत चित्रें नसतात व डावांचीं भारदस्त नांवेंही नसतात. तथापि आमचें म्हणणें असें कीं, जुना तलवारखेळ प्रत्यक्ष कसा चाले हें ठरवितांना विद्याग्रंथापेक्षां नियमपत्राचा पुरावा पुष्कळदां अधिक बळकट ठरतो. ग्रंथकार काय व्हावें तें सांगतो. नियमकर्ता काय होत होतें तें नकळत सांगून जातो. जें कोणी करीतच नाहीं, त्यास मनाई करण्याचें कारण पडत नाहीं.

या विचारास आज आणखी एक निमित्त आहे. गेल्या कांहीं दशकांत युरोप-अमेरिकेंत जुन्या पोथ्या वाचून तलवारीचे डाव पुन्हां बसविणारीं मंडळें निघालीं असून त्यांच्या स्पर्धाही भरतात. आपण जुनीच विद्या उजेडांत आणीत आहों, असा त्यांचा दावा असतो. तो कितपत टिकतो, हें त्यांनीं हारजित कशावर ठेविली आहे यावर बरेंच अवलंबून आहे.

(२)

ब्रिटिश लायब्ररींतील स्लोन संग्रहांत २५३० क्रमांकाचें एक हस्तलिखित आहे. लंडनच्या शस्त्रविद्येच्या वस्तादांचें जें मंडळ सोळाव्या शतकांत नांदत होतें, त्याचें हें दफ्तर. त्यांत १५९० पर्यंतच्या नोंदी आहेत. आठव्या हेन्रीनें १५४० सालीं या वस्तादांस राजपत्र दिलें होतें. हर्बर्ट बेरी यांनीं हें दफ्तर संपादून १९९१ सालीं प्रसिद्ध केलें, त्यामुळें तें आतां अभ्यासकांस सुलभ झालें आहे.

या मंडळांत चार पायऱ्या होत्या : शागीर्द, मुक्त शागीर्द, दुय्यम वस्ताद व वस्ताद. वरची पायरी गांठण्यासाठीं उमेदवारास चारचौघांदेखत परीक्षा द्यावी लागे. तीस ते 'प्राइझ खेळणें' म्हणत. परीक्षेचें स्थळ व शस्त्रें आगाऊ जाहीर होत. लीडनहॉल, बिशप्सगेट येथील 'बुल' नांवाची सराई, 'थिएटर' व 'कर्टन' हीं नाटकगृहें अशा जागीं प्रेक्षक जमत. दोनहाती लांब तलवार, एकधारी तलवार, तलवार व लहान ढाल, रेपिअर व खंजीर, लांब काठी इत्यादि शस्त्रांपैकीं नेमून दिलेल्या शस्त्रांनीं उमेदवारानें एकामागून एक अनेक खेळाडूंशीं खेळावयाचें असे. नाटकांतील सुप्रसिद्ध विदूषक रिचर्ड टार्ल्टन यास २३ ऑक्टोबर १५८७ रोजीं वस्तादपद मिळाल्याची नोंद याच दफ्तरांत आहे.

नोंदी वाचतांना आजच्या वाचकास एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. तारीख, स्थळ, शस्त्रें, प्रतिस्पर्ध्यांचीं नांवें हीं सर्व दिलीं आहेत. परंतु कोणी किती वार लाविले याचा हिशेब ठेवण्याची चाल तेथें दिसत नाहीं. याचें कारण उघड आहे. हा सामना बक्षिसासाठीं नसून पदवीसाठीं होता. उमेदवार शेवटपर्यंत टिकला काय, आणि वस्तादांच्या नजरेस तो पात्र दिसला काय, एवढाच प्रश्न असे.

(३)

असें असूनही वार कोणता धरावा याविषयीं या दफ्तरांत एक नियम आहे व तोच आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा होय. त्याचा आशय असा : उमेदवाराविरुद्ध खेळणाऱ्यानें वार करून लागलीच अंगाला भिडून उमेदवारास उलट वार करण्यास जागाच ठेविली नाहीं, तर तो वार त्याच्या बाजूनें धरूं नये, मग त्या वारानें उमेदवाराचें डोकें फुटलें तरी बेहत्तर.

डोकें फुटलें तरी वार धरावयाचा नाहीं, हें प्रथमदर्शनीं विपरीत भासतें. याचा अर्थ दोन प्रकारें लावतां येईल. पहिला असा कीं, परीक्षा उमेदवाराची असल्यामुळें त्यास आपलें कसब दाखविण्याची संधि मिळावी, एवढाच नियमाचा हेतु. तो एकटा, थकत जाणारा. समोरचे ताजे, एकामागून एक येणारे. त्यांनीं वार करून मिठी मारण्याचा सोपा मार्ग धरला तर परीक्षेस अर्थच उरत नाहीं. दुसरा अर्थ असा कीं, वार करणें म्हणजे अर्धी विद्या व वार करून सुखरूप बाहेर पडणें म्हणजे पुरी विद्या, हें तत्त्व नियमकर्त्यांस अभिप्रेत होतें. धारदार तलवारीच्या झुंजींत ज्यास एक वार लागला तो तत्क्षणींच पडतो असें नाहीं. मरतां मरतां तो उलट वार करूं शकतो. त्या उलट वाराचा विचार न करितां जो आंत घुसतो तो जिंकला असें म्हणतां येत नाहीं.

आम्हांस हे दोन्ही अर्थ परस्परविरोधी वाटत नाहींत. नियम उमेदवारापुरताच लिहिला आहे, म्हणून पहिला अर्थ शब्दांस धरून आहे हें कबूल. परंतु उलट वाराची संधि हीच कसबाची कसोटी कां मानिली, याचें उत्तर दुसऱ्या अर्थावांचून मिळत नाहीं. शिवाय नियमावरून हेंही सिद्ध होतें कीं, वार करून भिडण्याची युक्ति लंडनच्या खेळांत चांगलीच रुळलेली होती. बोथट शस्त्रांच्या खेळांत प्राणभय कमी होतें, आणि भय कमी झालें कीं खेळाडू धाडस करूं लागतो, ही मनुष्यस्वभावाची गोष्ट आहे. भयानें जें काम केलें असतें तें येथें नियमास करावें लागलें.

(४)

याच काळीं जर्मन शहरांत निराळी परंपरा चालू होती. फ्रँकफुर्ट येथील 'मार्क्सब्रूडर' नांवाच्या मंडळास बादशहा तिसरा फ्रेडरिक यानें १० ऑगस्ट १४८७ रोजीं न्युरेंबर्ग येथें सनद दिली. त्यांचे प्रतिस्पर्धी 'फेडरफेख्टर' यांस दुसऱ्या रुडॉल्फकडून १६०७ सालीं तशीच सनद मिळाली. या मंडळांचे जाहीर सामने नगरसभेच्या परवानगीनें भरत. जर्मन जाहीर खेळांत हारजितीची खूण एकच असे, ती म्हणजे डोक्यावर उमटलेलें रक्त. ज्याचा रक्त काढणारा वार शरीरावर सर्वांत उंच लागला तो वरचढ. या जखमेस त्यांच्या पद्यांत 'तांबडें फूल' असें गोंडस नांव होतें.

रक्तावर हारजित ठेवूनही मनुष्यहानि टाळण्याची तजवीज या नियमांत बारकाईनें केलेली दिसते. सामन्याच्या आरंभीं जी मनाई पुकारली जाई तींत टोंकाचा वार, मुठीच्या गोळ्याचा तडाखा, अंगांत घुसणें, हात मोडणें, चोरटे ठोसे, डोळ्यांत बोटें घालणें व धोंडे फेकणें यांचा समावेश असे. देखरेख करणाऱ्याच्या हातांत लांब काठी असे. ती मध्यें आली कीं खेळ थांबलाच पाहिजे. खेळाची तलवारही मुद्दाम घडविलेली होती. तिचें पातें अरुंद व बोथट असून मुठीजवळ रुंद असे, म्हणजे वजन हाताकडे राहून डोक्यावरील आघात सौम्य होई.

वरील मनाईची यादी म्हणजे त्या आखाड्यांत काय काय होत असे याची जणू जंत्रीच होय. एखाद्या विद्याग्रंथांत डोळ्यांत बोटें घालण्याचें चित्र असलें तर तो केवळ ग्रंथकाराचा कल्पनाविलास असेल अशी शंका घेतां येते. पण नियमांतील मनाई पाहिली म्हणजे ती शंका उरत नाहीं.

(५)

नियमाचा उलट परिणाम विद्येवर कसा होतो, याचें प्रमाण स्ट्रासबुर्ग येथील वस्ताद योआखिम मायर यांच्या १५७० सालच्या ग्रंथांत मिळतें. तलवारीच्या टोंकाचा वार पूर्वीं जर्मनांत चाले, परंतु आपल्या काळीं जर्मनांनीं आपसांतील खेळांतून तो काढून टाकिला आहे, असें ते नमूद करितात. येथें अनुक्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. टोंकाच्या वारानें प्राण जातो म्हणून प्रथम खेळांत मनाई झाली. मनाई झाली म्हणून सराव सुटला. सराव सुटला म्हणून पुढील पिढीच्या हातांतून तो डावच गेला. संरक्षणाच्या नियमानें विद्येचें एक अंग कापून टाकिलें तें असें.

इंग्लंडांत प्रकार याहून वेगळा झाला. वस्तादांचें मंडळ सतराव्या शतकांत मोडकळीस आलें आणि परीक्षेच्या जागीं पैशाचे सामने आले. सॅम्युएल पेपीस यानें १ जून १६६३ रोजीं असा एक सामना पाहून रोजनिशींत टिपला आहे. हे सामने केवळ लटके असतात अशी त्याची पूर्वींची समजूत होती. परंतु एका खेळाडूची तलवार हातीं घेऊन पाहतां ती नेहमींच्या तलवारीपेक्षां फारशी बोथट नाहीं, असें त्यास आढळून आलें. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जेम्स फिग याच्या आखाड्यांत असेच सामने होत. पुढें खेड्यांतील जत्रांत तलवारीची जागा काठीनें घेतली. टॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या कादंबरींत या खेळाचें वर्णन आहे. डावा हात बांधलेला असे आणि भुंवईच्या वर कोठेंही इंचभर रक्त वाहिलें कीं हार. मोजमाप इतकें नेमकें, कीं त्याबद्दल तंट्यास जागा नव्हती. पण तेवढ्यामुळेंच सारा खेळ डोक्याभोंवतीं गोळा झाला, आणि बाकीच्या अंगाची राखण शिकण्याचें प्रयोजन राहिलें नाहीं.

(६)

फ्रेंच परंपरेनें तिसरा मार्ग काढिला. फॉइल या सरावाच्या हलक्या शस्त्राच्या खेळांत असा संकेत ठरला कीं, आधीं चढाई करणाराचा हक्क आधीं. ज्यावर चढाई झाली त्यानें ती अडवून मगच उलट वार करावा. तोंडावर वार करण्यासही मनाई होती. तारेच्या जाळीचा मुखवटा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रचारांत आला, तो ला बोएसिएर या वस्तादाच्या नांवावर मोडतो. मुखवट्यानें डोळे वांचले, पण संकेत कायम राहिला. एपे या शस्त्राच्या आधुनिक खेळांत तो पाळीत नाहींत. विजेच्या यंत्रावर सेकंदाच्या सुमारें पंचविसाव्या भागाच्या आंत दोघांचे वार लागले तर ते दोघांसही मिळतात. एकाच प्रश्नास दिलेलीं हीं दोन उत्तरें होत.

साधनें सुधारलीं तरी धोका सरत नाहीं. १९८२ सालीं रोम येथील जागतिक स्पर्धेंत प्रतिस्पर्ध्याचें पातें मोडून व्लादिमीर स्मिर्नोव्ह या विख्यात खेळाडूच्या मुखवट्यांतून आंत गेलें व त्यांतच त्याचा अंत झाला. त्यानंतर पात्याचें पोलाद, मुखवट्याची जाळी व अंगरख्याचें कापड यांविषयींचे नियम अधिक कडक करण्यांत आले.

जुन्या तलवारीच्या आजच्या स्पर्धांत मुखवटा, गळपट्टा, जाड अंगरखा, भरीव हातमोजे व टोंकाशीं बोथट केलेलें लवचीक पातें हीं आवश्यक मानितात. ही सावधगिरी योग्यच होय. परंतु लंडनच्या वस्तादांपुढें जो प्रश्न होता तोच येथें अधिक तीव्र होऊन उभा राहतो. अंगास कांहीं लागत नाहीं असें कळल्यावर दोघेही एकदमच वार करूं लागतात, आणि खऱ्या तलवारी असत्या तर दोघेही मेले असते अशा झुंजींत एकास विजयी ठरविलें जातें. यावर उपाय म्हणून पुष्कळ ठिकाणीं उलट वार लागल्यास मूळ वाराचे गुण कमी करितात किंवा तो वार रद्द धरितात. दुहेरी वार फार झाले तर दोघांसही बाद करितात. या उपायांस कोणी नवी क्लृप्ति म्हणतील. आमच्या मतें त्यांचें बीज स्लोन २५३० मधील त्या एका नियमांतच आहे.

(७)

या विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, सामन्याचे नियम हें शस्त्रविद्येच्या इतिहासाचें स्वतंत्र साधन आहे व विद्याग्रंथाच्या शेजारीं ठेवून तें वाचलें पाहिजे. दुसरी, जें मोजिलें जातें तेंच शिकिलें जातें. म्हणून गणनेचा नियम बदलला कीं विद्याही बदलते. तिसरी, संरक्षणाचा प्रत्येक नवा उपाय खेळांतील भय कमी करितो, व त्या प्रमाणांत गणनेचा नियम कडक न झाल्यास तलवारीचा खेळ नुसत्या शिवाशिवीवर येतो.

आपल्या वाचकांस हा विषय दूरचा वाटूं नये. फरी-गदग्याच्या खेळांत तलवारीच्या जागीं चामड्यानें मढविलेला गदगा आला तो संरक्षणासाठींच. बोथाटींत तर भाल्याच्या पात्याऐवजीं कापडाचा गोळा बांधून तो रंगांत बुडवीत. गोळ्यानें इजा टळे व रंगानें वार कोठें लागला तें दिसे. म्हणजे अंगरक्षण व गणना हीं दोन्ही कामें एकाच वस्तूनें साधलीं. अशा खेळांत पंचांनीं काय धरावें व काय सोडावें, याचे तोंडी संकेत असलेच पाहिजेत. पटवर्धनी वळणाच्या सुंदर पोथ्या आपण हौसेनें जमवितों. त्यांबरोबर जुन्या तालमींच्या वह्या, सामन्यांचीं जाहीरपत्रकें व बक्षिसांच्या याद्या हाताशीं आल्या तर त्या रद्दी म्हणून टाकूं नयेत, एवढीच संग्राहकांस आमची विनंति आहे. लंडनच्या वस्तादांची वही कोणीं तरी जपून ठेविली, म्हणूनच त्यांचा खेळ आज आपणांस कळतो.