एक्केचाळिसाव्या वर्षीचे पदार्पण

अमेरिकेतील बेसबॉल संघांनी १९८८ साली नवे खेळाडू निवडले, तेव्हा माइक पियाझाचे नाव ६२व्या फेरीत, १,३८९ जणांनंतर पुकारले गेले. तेही वडिलांच्या मित्राच्या शब्दाखातर. पुढे त्याची गणना त्या खेळाच्या महान कॅचरांमध्ये झाली. आपल्याकडचे उदाहरण याहून विलक्षण आहे.

प्रवीण तांबे यांचा जन्म १९७१ चा. कांगा लीग आणि कंपन्यांचे सामने खेळण्यात त्यांची दोन दशके सरली. मूळचे मध्यमगती गोलंदाज. ओरिएंट शिपिंगच्या कर्णधाराच्या सल्ल्यावरून ते लेगस्पिनकडे वळले. रणजीचे दार मात्र बंदच राहिले. मुंबईत दर्जेदार फिरकीपटूंची वाण नव्हती हे खरे; पण चाळिशीतल्या नवख्याचा चेंडू पाहण्याआधी त्याचे वय पाहिले जाई, हेही तितकेच खरे.

सायन-पनवेल महामार्गालगत, नेरूळच्या डी. वाय. पाटील संघाकडून खेळताना ते राजस्थान रॉयल्सच्या नजरेत भरले. ७ मे २०१३ रोजी, राहुल द्रविडच्या नेतृत्वाखाली, एकही प्रथम श्रेणी सामना न खेळलेले तांबे आयपीएलमध्ये उतरले. त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक, १२ बळी त्यांचेच.

मे २०१४ मध्ये अहमदाबादला कोलकात्याविरुद्ध त्यांनी हॅट्ट्रिक साधली. त्यातला पहिला बळी वाइड चेंडूवर यष्टिचीत! बिनबाद १२१ वरून कोलकाता ६ बाद १२३ झाले.

मुंबईने रणजीत त्यांना घेतले ते डिसेंबर २०१३ मध्ये, म्हणजे आयपीएलनंतर.